मावशीच्या दारापर्यंत दोन इंच

१२ जानेवारी
आजपासून वही. मोठं काम हाती घेतलं की नोंदी हव्यात. ऑफिसात मी डिस्पॅचला आहे. पाइपांचे एल्बो, कपलिंग, व्हॉल्व्ह सगळे माझ्या हाताखालून जातात. म्हणजे बायको काहीही म्हणो, मी तांत्रिक क्षेत्रातलाच माणूस.

काम: जीपला लिफ्ट किट बसवणे. उंच स्प्रिंगा आणि लांब शॉक अ‍ॅब्सॉर्बर टाकले की गाडी जमिनीपासून आणखी वर उचलली जाते.

कारण: मावशी. आईची थोरली बहीण. २० मार्चला ऐंशी पूर्ण करते. डोंगरावर एकटी राहते. चार गायी आहेत, त्यांना टाकून खाली येत नाही. दोन वर्षांपूर्वी आईला घेऊन निघालो होतो. शेवटच्या चढावर एका धोंड्यावर गाडीचं पोट आपटलं, परत फिरलो. वर घरापाशी मावशी उभी राहून हात हलवत होती. आई म्हणाली, बोलावते आहे. मी म्हटलं, जा म्हणते आहे.

तेव्हापासून दोघी बहिणी फक्त फोनवर. या २० मार्चला आईला मावशीच्या दारात उतरवणार. शब्द दिला. आई म्हणाली, बरं.

१५ जानेवारी
बेचाळीस व्हिडिओ पाहिले. सकाळी दोन इंचांवर ठाम होतो. दुपारी तीन इंचांवर. खडकाळ रस्त्यांवर गाड्या घालणाऱ्यांचा आमचा ऑफ-रोड ग्रुप आहे फोनवर, त्याचा अ‍ॅडमिन चार म्हणतो. त्याला सगळे कमांडर म्हणतात. एरवी चष्म्याचं दुकान आहे. चारच्या खाली माणसाने घराबाहेरच पडू नये असं त्याचं मत.

जेवताना बायकोने विचारलं, धोंडा किती उंच होता? ही बाई नको तिथे आकडे मागते. धोंडा कोणी मोजला नाही. पण मुद्दा तो नाही.

१९ जानेवारी
दोन, तीन आणि चार इंचांचे फायदे-तोटे लिहून तक्ता भिंतीवर लावला. बायकोने बराच वेळ वाचला आणि एकच विचारलं, आईंना चढता येईल का? मी सांगितलं, उंच गाडीत बसणं उलट सोपं, वाकावं लागत नाही. हे मला तिथल्या तिथे सुचलं. विचार केला तर बरोबरच आहे.

२ फेब्रुवारी
दोन इंचांचं किट मागवलं. कमांडर दिवसभर ग्रुपवर बोलला नाही.

चौकातल्या मेकॅनिकला सहज विचारलं. अर्ध्या दिवसाचं काम, आणून लावा म्हणाला. धोंड्याची हकिगत ऐकून म्हणाला, तो धोंडा चाकाखाली घ्यायचा होता, तुम्ही मधोमध घेतलात. किट लागतंच असं नाही. या लोकांना नवीन तंत्रज्ञान नको असतं. काम स्वतः करायचं ठरवलं.

१४ फेब्रुवारी
किट आलं. चार स्प्रिंगा, चार शॉक, बोल्टांची पिशवी. प्रत्येक स्प्रिंगला लेबल. डिस्पॅचचा नियम आहे, माल हातात आला की लेबल काढून रजिस्टरला लावायचं, म्हणजे पुढे वाद नको. बावीस वर्षांत चूक नाही. चारही लेबलं सोलून याच पानावर खाली ओळीत चिकटवली. एकही फाटलं नाही. सुरेख दिसतात.

मग स्प्रिंगा रॉकेलने पुसून काढल्या. चारही अगदी सारख्या. क्वालिटी म्हणतात ती ही.

सोबत माहितीपत्रक आहे. बारा पानं. वेळ मिळेल तसं वाचेन.

२२ फेब्रुवारी, रविवार
७.१० — कामाला सुरुवात. गाडी जॅकवर.
८.४० — पहिला नट. हलत नाही.
९.३० — तोच नट. आई खुर्ची घेऊन अंगणात येऊन बसली. मावशीशी फोनवर बोलते आहे. ‘करतोय गं, तिकडे यायचंच करतोय’ एवढं ऐकू आलं. हुरूप आला.
११.१५ — नट निघाला. बोटाची साल पण.
१.०० — जुनी स्प्रिंग सुटली, उडाली आणि शेजाऱ्यांच्या कुंडीत गेली. शेजारी सज्जन आहेत. फक्त कुंडी उचलून आत नेली, उरलेल्या पण नेल्या.
५.०० — एक चाक पूर्ण. उरली तीन. वेग वाढेल.

२५ फेब्रुवारी
गाडी ठोकळ्यांवर. ऑफिसला बसने. आईच्या गुडघ्याच्या व्यायामाला बायको तिला टॅक्सीने घेऊन गेली. गेल्या वर्षी ऑपरेशन झाल्यापासून दर बुधवारी जावं लागतं. टॅक्सी बुटकी होती. आई म्हणे सहज बसली. मला हे मुद्दाम सांगण्यात आलं.

१ मार्च
झालं. दुपारी ३.२० ला चौथं चाक खाली टेकलं. दहा पावलं मागे जाऊन पाहिलं. काय रुबाब आहे! फोटो ग्रुपवर टाकला.

कमांडरचा पहिला मेसेज: तिरकी का उभी आहे?

टेप लावली. ड्रायव्हरची बाजू इंचभर खाली. जमीन तपासली, सपाट. टायरमधली हवा तपासली, ठीक. मग एकच कारण उरतं. ड्रायव्हर. माझं वजन शहाऐंशी किलो. जुन्या स्प्रिंगांनी हे आठ वर्षं लपवलं. नव्या स्प्रिंगा प्रामाणिक आहेत.

२ मार्च
निश्चय: अठरा दिवसांत सहा किलो. साखर बंद. भात बंद. सकाळी पाच किलोमीटर चालणे.

संध्याकाळी: साखर बंद.

५ मार्च
वजन ८५.४. गाडी जिथे होती तिथेच. बायको म्हणाली, तुम्ही इथे खुर्चीत बसला आहात, गाडीत कोणी नाही, तरी ती कललेलीच आहे. मी समजावलं की स्प्रिंगांना सवय लागते. जो नेहमी बसतो त्याचा भार त्या लक्षात ठेवतात. कमांडरने दुजोरा दिला: पाचशे किलोमीटर चालव, सेटल होईल.

९ मार्च
वजन ८६.१. ऑफिसात एक जण रिटायर झाला, केक होता. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

नवा उपाय. डाव्या सीटवर सिमेंटची दोन पोती ठेवली. गाडी जवळपास सरळ! आनंदाने बायकोला दाखवलं. तिने विचारलं, मग आई कुठे बसणार? म्हटलं, पोत्यांच्या जागी. ती म्हणाली, तुमची आई बेचाळीस किलोची आहे. हिशेब करून पाहिला. अडचण आहे खरी.

१२ मार्च
अखेर मेकॅनिककडे. हार म्हणून नव्हे, सेकंड ओपिनियन म्हणून. तो गाडीखाली गेला, दोन मिनिटांत बाहेर आला आणि स्प्रिंगांची लेबलं मागितली. मी अभिमानाने ही वही उघडून दिली.

त्याने लेबलं वाचली. मग पान उलटून २ मार्च वाचलं. मग ५ आणि ९ मार्च वाचलं. पाठमोरा होऊन थोडा वेळ उभा राहिला. खांदे हलत होते.

म्हणाला, ड्रायव्हरच्या बाजूला माणूस असतो, टाकी असते, म्हणून तिकडची स्प्रिंग कंपनीच थोडी उंच देते. कोणती कुठली ते फक्त लेबलवर लिहिलेलं. तुम्ही डावी-उजवी अदलाबदल केलीत. पत्रकात तिसऱ्या पानावर मोठं चित्रही आहे.

"साहेब, लेबल मालाला असतं. वहीला नसतं."

त्याला डिस्पॅचची कल्पना नाही.

१६ मार्च
मेकॅनिकने सगळं काढून परत बसवलं. तीन तास, त्यात दोन चहा. गाडी काठीसारखी सरळ. ग्रुपवर लिहिलं: ‘आम्ही’ काम पूर्ण केलं.

कमांडरच्या सल्ल्याने दारांखालच्या पायऱ्याही काढायला सांगितल्या. खडकात त्या अडकतात म्हणे. काढताना बोल्ट कापावे लागले. पायऱ्या भंगारात. मेकॅनिकने दोनदा विचारलं, नक्की ना? म्हटलं, नक्की.

चार दिवस हातात. याला म्हणतात नियोजन.

रात्री साखर सुरू केली. आता कारण उरलं नाही.

१८ मार्च, सकाळ
रंगीत तालीम. आईला बाहेर आणलं. नवी चप्पल, केस नीट, हातात पिशवी. तालीम आहे हे तिला सांगायचं राहिलं होतं. तिला वाटलं, आजच निघालो.

गाडीच्या आतला तळ जमिनीपासून एकतीस इंच. पाय ठेवायला काही नाही. आईने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. स्टूल आणलं. स्टुलावर उभी राहिली, पण नवा गुडघा तिथून पुढे वाकेना. बायको आतून ओढते, मी खालून आधार देतो. आई निम्मी आत, निम्मी बाहेर. जाणारे-येणारे थांबले. एकाने मदत करू का विचारलं. त्याला हो म्हणावं की नाही यावर माझं आणि बायकोचं एकमत होईना, आणि आई तशीच.

मग ती म्हणाली, "मला खाली ठेव."

आवाज चढवून नाही. खाली ठेवली. पिशवी उचलून ती घरात गेली.

बायको स्टूल उचलून तिच्या मागोमाग गेली. 

१९ मार्च
मेकॅनिकला फोन. नवीन पायऱ्या मागवायला आठवडा.

ऑफिसातून पॅकिंगची खोकी आणली, खिळे ठोकून तीन टप्प्यांचा जिना केला. आधी स्वतः चढून पाहिलं. दुसऱ्या टप्प्यातून पाय आरपार. वजन ८६.८.

दुपारी आईला सांगितलं, थोडा धीर धर, पुढच्या आठवड्यात नक्की नेतो. ती म्हणाली, वाढदिवस पुढच्या आठवड्यात नाही. मग तिने स्वतःच मावशीला फोन लावला. पाच मिनिटं बोलली. फोन ठेवून आम्हाला कार्यक्रम सांगितला: उद्या टॅक्सीने फाट्यापर्यंत. आठ वाजता तिथे दुधाचा टेम्पो येतो, वरच्या घरांतून दूध गोळा करणारा. तो वर नेणार.

मी विचारलं, टेम्पो त्या रस्त्याने जातो? आई म्हणाली, रोज.

२० मार्च, दुपारी ३. मावशीच्या घरी
टेम्पो माझ्या गाडीच्या गुडघ्याला लागेल एवढा. एका दिव्याला काच नाही. दार उघडून आई बसली, जशी खुर्चीत बसते तशी. शेजारी बायको. मी मागे, रिकाम्या कॅनांमध्ये. प्रत्येक वळणाला कॅन माझ्याकडे येत.

शेवटच्या चढावर मी उठून उभा राहिलो. धोंडा आला की टपावर थाप मारून सावध करायचं ठरवलं होतं. धोंडा आलाच नाही. वर पोचल्यावर दूधवाल्याला विचारलं. त्याला आधी आठवेना. मग म्हणाला, हां, तो होय. तुम्ही परत गेलात ना, त्याच आठवड्यात पहार लावून ढकलला. दोघं होतो. विडी ओढून होईतो झालं.

म्हणजे दोन वर्षं रस्ता मोकळाच होता. आईला विचारलं, तुला माहीत होतं? होतं म्हणाली. मला का नाही सांगितलंस? सांगितलं होतं म्हणे, दोनदा. दोन्ही वेळा मी काहीतरी मोजत होतो.

मावशी माझ्याकडे बघून हसत होती. दात कमी झालेत, हसणं नाही. तिने सुनावलं की दूधवाला कधीपासून सांगत होता, आणतो म्हणून. हीच येत नव्हती. मी आईला विचारलं, का नाही आलीस मग?

आई शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तू आणणार म्हणत होतास ना."

मग दोघी बहिणी गोठ्याकडे गेल्या. नवीन वासरू दाखवायचं होतं. आई चार दिवस राहणार आहे. परत आणून सोडायचं दूधवाल्याशी ठरलंसुद्धा. मला कोणी विचारलं नाही.

मला वाटलं होतं, आज लिहिण्यासारखं पुष्कळ असेल. निश्चय वगैरे. काही सुचत नाही.

गोठ्याचा उंबरा चांगला उंच आहे. आईने मावशीच्या खांद्यावर हात ठेवला आणि ओलांडला. खिशात टेप होती. मोजला नाही.