नाल्यापलीकडची आई

नंदिनी,
आईले उठवू नको. पेज चुलीवर आहे. मी नागपूरले भाड्याची खोली पाहाले चाललो. कॅन्सरच्या नव्या औषधाच्या चाचणीतून तिथल्या दवाखान्यानं तिचं नाव कापलं. दर आठवड्याले येणं जमेल का, असं डॉक्टरनं विचारलं, तर आई कौतुकानं सांगत बसली, "आमचा नाला भरला का रस्ताच बंद रायते, बापू. मास्तरबी येत नाई." त्यानं हसून तिच्या नावावर रेघ मारली. ज्यांनी पूल बांधला नाही ते सुखानं जगतील, मरायचं आमच्या आईनं. नागपूरचा पत्ता दाखवून तिले पुन्हा घेतात का, पाहतो.

तिनं विचारलं तर औषध संपलं म्हणजो. तिच्या बोलण्यानं नाव गेलं, हे तिले कळू देऊ नको.

प्रफुल