एक्याऐंशी कुणाकडचे?

ग्वाल्हेर, नया बाजार

ती. सुमनताई,

गुडघे वाकतात तेवढे वाकवून तुला नमस्कार करतो, उरलेला मनाने केला असं धर. दाढ काढल्यावरही तू फोनवर तासभर बोललीस, म्हणजे तब्येत उत्तम असणार. इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत, फक्त व्याह्यांशी बोलणं बंद आहे. सूनबाई मंजिरीचे वडील गोपाळकृष्णपंत तुला फोन करून आपली बाजू आधी सांगतील (त्यांना घाई फार), म्हणून सगळं नीट लिहितो.

आपली गरिमा आता चौथीत आहे. पोर बोलायला कशी आहे ते तुला ठाऊकच आहे. परवाच्या सत्यनारायणाला तिने गुरुजींना विचारलं, की प्रसाद न घेता धावली ती कलावती, मग नाव तिच्या नवऱ्याची का बुडाली? गुरुजींनी सरळ शंख फुंकला. आणि हीच मुलगी परीक्षेत निम्मा पेपर कोरा ठेवून येते! शाळेतल्या बाईंनी तिला कच्च्या मुलांच्या तुकडीत घालायचं ठरवलं. त्या दिवशी ती दप्तर न काढताच माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आबा, मैं बुद्धू हूँ क्या? आता तो सब है, बस टाइम ख़त्म हो जाता है." मी तिचं दप्तर उतरवून माझ्याच मांडीवर घेतलं.

मग मंजिरीने तिला बाड्याच्या चौकाजवळ राहणाऱ्या पद्माबाईंकडे नेलं. त्या मुलांच्या बुद्धीची चाचणी घेतात. (तिचा बाप संग्राम टूरवर, म्हणून घरचा पुरुषमाणूस या नात्याने मी गेलो. नाहीतरी चष्म्याची काडी बसवायची होती.) निकाल असा: शब्द आणि तर्क एकशे अडतीस, कामाचा वेग एक्याऐंशी. शंभर म्हणजे सर्वसाधारण. मी लगेच बेरीज करून दोनाने भागलं आणि एकशे साडेनऊ, काही वाईट नाही, असं जाहीर केलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, एकशे साडेनऊवाली मुलगी या खोलीत नाहीच. ही विचारात खूप पुढे आहे आणि हाताने सावकाश. दोन्ही खरं आहे." आळशी म्हणून रागावू नका, पेपरला जास्त वेळ मिळावा म्हणून शाळेत अर्ज करा, एवढंच त्यांचं म्हणणं. इथे शहाण्या माणसाने उठून घरी यावं. मी विचारलं, अशी विषम वाटणी येते कुठून? त्या म्हणाल्या, कधीकधी घराण्यातूनही येते. झालं!

एकशे अडतीस आपले, यात वाद नव्हताच. मी गोरखी मोहल्ल्यात राहणाऱ्या पंतांना फोन लावून, अगदी गोडीगुलाबीने, एक्याऐंशी त्यांच्याकडचे असल्याचं कळवलं. ते त्याच पावली स्कूटर काढून आले. त्यांचं म्हणणं, आमच्या पूर्वजांनी दरबारात कागद लिहिले, तेव्हा शब्द आमचे. तुमचे पूर्वज घोड्यावर, तुमच्यात वाचन उशिरा आलं. म्हणजे आपल्या वाट्याला नुसते एक्याऐंशी, आणि तेही वेगाचे. घोडदळाला! मी म्हटलं, आमचा घोडा हळू चालत नव्हता. पंत म्हणाले, घोड्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

शेवटी मंजिरी वैतागली आणि म्हणाली, बसा दोघं परीक्षेला. गरिमाने आठवून आठवून चाचणीसारखा कागद तयार केला. प्रत्येक आकड्याला एक खूण, आकड्याखाली ती खूण काढत जायची. मंजिरीने मोबाइलवर वेळ लावली. पंत सुसाट सुटले आणि पान संपवून चहा मागू लागले. (मधली एक ओळ गाळल्यामुळे त्यापुढचं सगळं चुकलं होतं, ही गोष्ट ते तुला सांगणार नाहीत.) माझी पहिली ओळ झाली, पण काय ते त्रिकोण! एक गोल जरा चपटा आला म्हणून खोडला, तेवढ्यात पेन्सिलीला टोक करावं लागलं, आणि वेळ संपली. गरिमा माझ्या कागदाकडे बघतच राहिली. मग ओरडली, "आबा, आप तो बिलकुल मेरे जैसे हो!" आणि हसत सुटली. कितीतरी दिवसांनी हसली बघ. पंत 'निकाल लागला' असं म्हणून निघाले. त्यांना द्यायचं उत्तर मला सुचलं तोवर स्कूटर कोपऱ्यावरून वळली होती. उत्तर इतकं झकास आहे, की ते देता येईपर्यंत त्यांच्याशी दुसरं काही बोलायचं नाही, असं मी ठरवलं आहे.

तुझा,
महिपत

ता. क. – अर्ज शनिवारपर्यंत शाळेत पोचायला हवा, नाहीतर पोर त्या तुकडीत जाईल. मंजिरीने तो एका बैठकीत लिहून टाकला असता, पण मी मोठेपणाने काम मागून घेतलं. 'सेवा में' फार सुबक आलं आहे. पुढचं 'महोदया' दर वेळी तिरकं जातं आणि कागद बदलावा लागतो. तू मुख्याध्यापिका होतीस, तेव्हा मजकूर करून आजच मोबाइलवर पाठव. सही मी करीन. मंजिरीला आणि पंतांना यातलं काही कळता कामा नये.

आणखी एक – ते एक्याऐंशी मी आता पंतांना मुळीच देणार नाही. ते माझे आणि गरिमाचे. ती इथे शेजारीच बसून माझ्यासाठी पेन्सिलीला टोक करते आहे. म्हणते, "आत्याआजी को लिखो ना, अर्ज में दोनों का नाम डाल दें."