मुंडाशाचे टोक

मु. जव्हार
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८४४

तीर्थस्वरूप पांडूदादास धाकट्या देवरामचा शिरसाष्टांग नमस्कार.

नागलीचे पीक घरात आले. काळी गाय व्याली, कालवड झाली. आबांची प्रकृती ठीक आहे.

‘ठीक’मधली ठी दीर्घ, ती बरोबर लिहिली, शब्द मात्र खरा नाही. दादा, आबांना विसर पडतो. घास हातात धरतात आणि हात तसाच राहतो. दिवाळीत मुंडासे मांडीवर घेऊन सकाळभर बसून होते. बांधायचे कसे, तेच आठवेना. मी शिकवायला बसलो. आधी हे टोक धरा, मग कपाळावरून घ्या. पहिल्यालाच अडले आणि चिडून मुंडासे अंगणात फेकले.

फागीवहिनी हसली. “भावजी, आबाला शाळंत नको घालू. सर तिकडं.”

तिने सगळे वेढे स्वतः घातले. फक्त शेवटचे टोक मोकळे ठेवले आणि आबांचा हात धरून तिथे नेला. “आबा, येवढं खोवा.” त्यांनी खोवले. “झालं! आबानं बांधलं!” आबा अंगणभर मिरवले.

मग ती शेवटचा वेढाही त्यांच्यावर सोडू लागली, मग त्याच्या आधीचा. उलटे, शेवटाकडून. पुरे केल्याचे सुख हाताला लागले पाहिजे, म्हणते. बोट चुकायच्या आत ती हात धरते. “चुकलं” असे कधी म्हणत नाही. घासाचेही तसेच. आधी पार ओठांशी नेऊन हात सोडायची. आता आबा अर्ध्या वाटेवरून स्वतः नेतात.

काल सबंध मुंडासे त्यांनीच बांधले. वहिनी जवळ गेली तर म्हणाले, “तुझा हात कशाला मधी? मी काय पोर हाय?” ती पाठ फिरवून डोळे पुसत होती. एवढ्या धीराचे माणूस मी पाहिले नाही. ती तुझी बायको आहे, दादा.

मग आबा दारात जाऊन बसले. “पांड्या बाजारातून यायचा हाय.”

तू ठाण्याला निघून गेलास त्या दिवशी ते म्हणाले होते, पुन्हा माझा उंबरा ओलांडू नको. ते शब्द त्यांना आठवत नाहीत. भांडणच आठवत नाही. तुझे नाव आठवते; तेही कुठवर, सांगता येत नाही.

पत्रात तुझ्याकडून काय लिहू, असे वहिनीला विचारले. म्हणाली, “जेवायला पाट मांडलाय म्हण.”

बाकीचे सगळे तिने करून ठेवले आहे. शेवटचे तेवढे तुझ्यासाठी मोकळे सोडले आहे.

उंबऱ्याच्या आतून,
तुझा देवराम