येनीच्या आईचा बांबू

३ नोव्हेंबर
येनी आज स्वयंपाकघरात गप्प. सहा वर्षं आमच्याकडे कामाला आहे, माझ्या लेकीला, इराला, तिनेच वाढवलं, त्यामुळे तिचं गप्प बसणं मला कळतं. तिचं गाव जावा बेटावर, सेमेरू ज्वालामुखीच्या पायथ्याशी. तिकडे पाऊस लागलाय. पावसात डोंगरावरची राख, वाळू, मोठाले दगड नदीतून लोंढ्याने खाली येतात. त्याला ते लाहार म्हणतात. आई एकटी, घर नदीकाठी. भाऊ मलांग शहरात असतो, तो बोलावतोय. आईने बोचकं बांधलंय, पण पाय निघत नाही.
"मॅडम, आप नक्शा का काम करता. देखो ना, अम्मा का घर सेफ है?"

४ नोव्हें.
लंच अवरमध्ये जमिनीच्या उंचीचा डेटा उतरवला. जावा बेट स्क्रीनवर उघडलं आणि डबा तसाच राहिला. बेटाच्या पाठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ज्वालामुखीच ज्वालामुखी. उतारांवर ओढ्यांच्या चुण्या, परकरासारख्या. सेमेरू सगळ्यांत उंच. नावही आपल्या मेरूचंच. मी रोज इथे आखातात सपाट वाळूवर पाइपलाइनी आखते. थक्क झाले, दुसरा शब्द नाही.
घर पात्रापासून चाळीस मीटर वर. येनीला लगेच फोन, एकदम सेफ. रडली.

६ नोव्हें.
आईने बोचकं सोडलं. मला दुआ पाठवली. अमोल म्हणाला, आता गावात बायकोचं देऊळ बांधतील. नवऱ्याच्या चिडवण्यानेही फुशारले मी.

९ नोव्हें.
येनीने आईचा व्हिडिओ दाखवला. कोंबड्या, अंगण, त्याला लागून करड्या वाळूचं मैदान. नदी कुठेय, विचारलं.
"ये ही नदी है, मॅडम."
पुलाचे नुसते कठडे वर. लॅपटॉप उघडून तारीख पाहिली. माझा डेटा वीसेक वर्षांपूर्वीचा. तेवढ्या वर्षांत डोंगराने दरी भरून टाकली. अख्खी! डेटाची तारीख बघा, हे नव्या पोरांना मीच शिकवते. पण मी साताऱ्याची. आमचा काळा कातळही कधीकाळी लाव्हाच होता, पण तो थंड होऊन युगं लोटली. डोंगर जागचा हलत नाही, हे इतकं अंगवळणी पडलंय की तारीख बघायचं सुचलंच नाही.
येनीला सांगितलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

१० नोव्हें.
आई ऐकत नाही. परवा खरा असलेला नक्शा आज खोटा कसा, म्हणते. रविवार, म्हणून मीच व्हिडिओ कॉलवर बसले, मध्ये येनी दुभाषी. माफी मागायला लागले, तर आईने फोन फिरवून डोंगर दाखवला. ढगांच्याही वर शिखर, त्यातून राखेचा लोट, अगदी शांतपणे. थोड्या वेळाने पुन्हा. 
इरा हळूच म्हणाली, "मम्मा, इट्स ब्रीदिंग."
शेवटी तडजोड. नदीत बांबू रोवायचा, रोज सकाळी फोटो. पाचापेक्षा कमी पेरं दिसली की वरच्या शाळेत जायचं. मी नवा नकाशा काढायचा.

१२ नोव्हें.
पेरं अकरा. फोटोच्या कोपऱ्यात आईचं बोट. येनी म्हणते, दर फोटोत असतं.

१४ नोव्हें.
नऊ. ऑफिसात कामात लक्ष नाही.

१५ नोव्हें.
सहा!! आत्ताच वर जा म्हणून येनी किती विनवत होती. आईचं एकच, ठरलं ते पाच.
हा आकडा माझा. दहा म्हटलं असतं तर

१६ नोव्हें.
सकाळी फोटो नाही. फोन लागत नाही. येनीने तीच ओट्याची फरशी चारदा पुसली.
दहा वाजता फोटो आला. उंचावरून काढलेला, शाळेच्या चढावरून असावा. खाली सगळं करडं, ओलं, वाफाळतं. केवढं ते! बांबू नाही. पूल नाही. आणि कोपऱ्यात बोट. येनी त्या बोटावरून अंगठा फिरवत राहिली.
मग दोघींनी फोटो मोठा करून घर शोधलं. एके ठिकाणी काहीतरी तांबूस. कौलं असतील, नाहीतर दगड.
नव्या नकाशाचा कागद टेबलावरच होता. नदीची जुनी रेघ मी खोडली.
"मॅडम, इसमें अम्मा का घर लिखेगा ना?"
पेन्सिल हातात आहे. येनी शेजारी उभी आहे.