माच्या अंगाला शियाचं लोणी

३ डिसेंबर

मी आज माचा, माझ्या आईचा, हात फाडला. दुसरा शब्दच नाही.

सकाळी तिला अंघोळ घालत होते, नेहमीसारखीच. साबण, नायलॉनची लांब जाळी, वरून खाली खसाखसा. तिकडे कुमासी शहरातल्या शाळेत चाळीस वर्षं वसतिगृह सांभाळलं, शेकडो मुली याच जाळीनं घासून काढल्या. घासल्याशिवाय अंघोळ कसली! मा म्हणाली, "हळू गं झुवेरा." मी म्हटलं, "मळ आहे, मा." मळ नव्हता. कोपराखालची कातडी होती. कांद्याच्या पापुद्र्यासारखी सरकली, आणि खाली लाल.

मा ओरडली नाही. मीच ओरडले. मग घाईघाईनं वर चिकटपट्टी लावून टाकली.

४ डिसेंबर

दवाखान्यातल्या नर्सनं पट्टी काढली, तर पट्टीबरोबर आणखी कातडी आली.

"ही कोणी लावली?"

"मी."

"अठ्ठ्याऐंशीचं अंग आहे हो. याला चिकटपट्टी लावतात होय?" तिनं जखम नुसत्या पाण्यानं धुतली, सुटलेली कातडी ओल्या बोटानं जागच्या जागी बसवली, वर न चिकटणारं कापड आणि सैल बँडेज. म्हणाली, "घरात हलक्या हाताचं कोणी असेल तर हे काम त्यांच्याकडे द्या." चौसष्ट वर्षांची बाई मी, शाळकरी पोरीसारखी मान खाली घालून उभी!

५ डिसेंबर

सकाळी पाणी घेऊन गेले. मा म्हणाली, "तू नको. लामनातूला पाठव."

लामनातू म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, इद्रिसूची बायको. लग्नाला दीड वर्ष झालं, आता सातवा महिना. मी इथे गावी, सावेलुगूला परतल्यापासून तिला शिकवतेच आहे — चूल अशी पेटव, अंगण असं झाड. "हो वन्सं" म्हणते आणि स्वतःचंच खरं करते. आता तिच्याच हाती माझी आई.

६ डिसेंबर

दाराआडून पाहिलं. लाज वाटली, पण पाहिलं.

आधी तिनं पाण्यात कोपर बुडवून पाहिलं. कोमट, गरम नाही. जाळी घेतलीच नाही! धुऊन धुऊन मऊसूत झालेलं जुनं सुती फडकं. साबण फक्त काखेत आणि पायांना. फडकं ओढत नाही, टेकवते आणि उचलते. पुसतानाही तसंच. अंग पुरतं वाळायच्या आत बोटभर शियाच्या बियांचं लोणी तळहातांत विरघळवलं, आणि चोळलं नाही — नुसता हात दाबून धरला. थांबली. पुढे सरकली. नडगीवर, टाचेवर, मानेच्या वळ्यांत. मा डोळे मिटून बसली होती, आणि दोघी पलीकडच्या हबीबाच्या बोकडाची चेष्टा करत होत्या.

मी इतक्या वर्षांत इतक्या जणींना अंघोळ घातली, पण कोणी माझ्या हाताखाली डोळे मिटून बसलेली आठवत नाही.

९ डिसेंबर

कोरडा वारा सुरू झाला. तोंडात धूळ, ओठ फुटले. माचं अंग मात्र तुकतुकीत!

१२ डिसेंबर

अंगणात बायकांनी लोणी काढलं. भाजून दळलेल्या शियाच्या बियांचा काळा लगदा पाण्यात हातानं फेटायचा, पांढरं वर येईपर्यंत. मीही बसले. लामनातू हसायला लागली.

"वन्सं, त्याच्याशी भांडताय का तुम्ही?"

हबीबा म्हणाली, "मेट्रनबाई त्याला शिस्त लावतायत!" सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले, काय करणार! माझं घमेलं सगळ्यांत शेवटी पांढरं झालं. लामनातूचं सगळ्यांत आधी. पोट एवढं मोठं, वाकता येत नाही, तरी!

१५ डिसेंबर

आत्या आली आणि ठरवून गेली. पुढच्या शुक्रवारी लामनातू माहेरी, गुशेगूला. पहिलं बाळंतपण तिकडेच. आणि मूल अंगावरचं सुटेपर्यंत परत यायचं नाही. म्हणजे दोन वर्षं.

रीतच आहे, तिच्याबद्दल आनंदच आहे. सगळं घर खुशीत आहे. मी मागच्या भिंतीपाशी जाऊन रडले. दोन वर्षं माला कोण अंघोळ घालणार? माझा हात तर तिला नको आहे.

१६ डिसेंबर

आज मी ते केलं जे आयुष्यात कोणापुढे केलं नव्हतं. भावजयीला म्हटलं, "मला शिकव."

तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "आधी बांगड्या काढा. आणि नखं."

काढल्या. नखं कापली. तिनं सुजलेले पाय पुढे केले. "यांच्यावर शिका. माच्या अंगावर नको."

तासभर शिकले. "वन्सं, हे माझे पाय आहेत, वसतिगृहाची फरशी नाही!" दाबायचं आणि थांबायचं. थांबणंच जमत नाही मला. तिच्यात धीर किती! एकदाही तोंड वाकडं केलं नाही. चोविशीची पोर, आणि मी तिला चूल शिकवत होते.

१९ डिसेंबर

नर्सनं बँडेज सोडलं. कातडी धरली! कड गुलाबी, कोरडी. "छान सांभाळलंत." मी लगेच म्हटलं, "मी नाही. माझी भावजय." सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं.

माच्या चटईची टोचणारी कडही लामनातूनं कापडानं शिवून घेतली आहे. माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

२२ डिसेंबर

गेली. मला भलंमोठं भांडंभर लोणी देऊन गेली. "हात तयार झालाय तुमचा," म्हणाली. खोटं की खरं, देव जाणे.

२३ डिसेंबर

"मा, पाणी आणलंय."

"आज नको."

२४ डिसेंबर

आज नको.

२६ डिसेंबर

चार दिवस पाणी नाही, लोणी नाही. पायांवर पांढरे खवले उठलेत. सकाळी नडगी खाजवून रक्त काढलं तिनं. बरी झालेली जखम तरी कशी टिकायची? हबीबा म्हणाली, "मी घालते." मा तिलाही नको म्हणाली.

शेवटी सरळच विचारलं. "मा, मला भितेस का?"

तिनं नडगीवरचा हात काढला. मग म्हणाली, "भीत नाही. तुझ्या हाताला घाई आहे, झुवेरा. तिकडे पोरी रांगेत असतील. इथे मी एकटीच आहे."

मी तशीच तिच्याशेजारी बसून राहिले. दुपारची कांजी झाली, हबीबा येऊन बोलून गेली, ऊन भिंतीवरून उतरलं. काही केलं नाही. उठावंसंही वाटलं नाही.

२७ डिसेंबर

सकाळी हाक आली. "पाणी तापव. कोमट."

घातली अंघोळ. कोपर, फडकं, टेकव, उचल. लोणी. दाबलं, थांबले. पुढे सरकले. मानेपाशी आले तेव्हा पाहिलं — माचे डोळे मिटलेले! मला रडू आलं, पण हात हलू दिला नाही.

झाल्यावर तिनं माझा हात ओढून मांडीवर घेतला. तळहातातलं उरलेलं लोणी माझ्या मनगटावर दाबलं, थांबली, पुढे सरकली. अगदी तस्संच.

मी वेड्यासारखं विचारलं, "तुला पण लामनातूनं शिकवलं?"

मा हसता हसता खोकायला लागली. "आल्या दिवसापासून माझ्याच हाताखाली शिकली ती. तू कधी विचारलंच नाहीस."