पहिल्या बेसपासून चार बोटं

इमाबारी, मंगळवार

प्रिय मित्सुगु,

पीचची पेटी शुक्रवारीच पोचली. एकाही फळाला डाग नाही. दरवर्षी पेटी उघडायच्या आधीच मी तुला फोन करतो आणि तू म्हणतोस, "आधी खा, मग खोटं कौतुक कर." यंदा चार दिवस झाले तरी मी फोन केला नाही. खरं सांगू? तुझा आवाज ऐकायची भीती वाटत होती. आज दुकान बंद आहे. उदोनच्या, त्या जाड शेवयांच्या, रश्शाचं मोठं पातेलं घासून पालथं घातलंय आणि त्याच टेबलावर बसून लिहितोय. हे वाचून झाल्यावर तू माझ्याशी बोलशील की नाही, मला माहीत नाही. नाही बोललास तर मला आयुष्यात एकच मित्र होता आणि तोही मीच घालवला, एवढंच म्हणावं लागेल. म्हणून आधी पीचबद्दल लिहून घेतो. फार गोड निघालेत.

तुझी लेक चिहो मजेत आहे. बंदरावरची नोकरी तिला मानवलीय. नात कोनात्सु मात्र तू मागच्या वर्षी पाहिलीस ती राहिली नाही. तीन आठवड्यांपूर्वी बेसबॉलच्या सरावात चेंडू तिच्या कानावर बसला. हेल्मेट होतं म्हणून निभावलं. डॉक्टरांनी सगळं ठीक सांगितलंय, पण तेव्हापासून ती बॅट घेऊन उभी राहिली की चेंडू सुटायच्या आधीच तिचा मागचा पाय बाहेर सरकतो. मी कोच, मी रोज बघतो. पोरं हसतात. ती ओठ दाबून परत उभी राहते आणि पाय परत सरकतो. दहा वर्षांची पोर रे, पण चेहरा बघवत नाही.

हे चिहोने तुला सांगितलं आणि गेल्या गुरुवारी तू मला फोन केलास. तू म्हणालास, "पुढच्या रविवारच्या सामन्यात तिला पहिल्या नंबरवर पाठव. भित्रेपणा एकदा अंगाला चिकटला की जन्मभर सुटत नाही. आणि तुझी गोष्ट सांग तिला. गाल फुटला तरी दहाव्या दिवशी बॅट घेऊन उभा राहिलास, ती." तू हसत होतास. मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. 

ती गोष्ट तू छत्तीस वर्षं सांगत आलायस. लग्नात सांगितलीस, माझ्या दुकानाच्या उद्घाटनाला सांगितलीस, तुझ्या बागेतल्या मजुरांनाही सांगितलीस. आपण दोघं एकाच व्यावसायिक संघात होतो त्या वर्षी, जूनमध्ये, समोरच्या संघाच्या त्या हाजामाने टाकलेला चेंडू माझ्या डाव्या गालावर बसला, हाड मोडलं, आणि दहाव्या दिवशी मी परत मैदानावर. यातलं सगळं खरं आहे. फक्त त्यानंतर मी एकही चेंडू डोळे उघडे ठेवून खेळलो नाही, हे त्यात नाही. मनगट दुखतंय म्हणून फटके लागत नाहीत, असं मी सगळ्यांना सांगायचो. तू रोज रात्री माझ्या मनगटाला मलम चोळायचास. मनगटाला काहीही झालं नव्हतं मित्सुगु.

आता ऑगस्टमधला तो सामना. तुला सांगायची गरज नाही, पण मला पायरी पायरीनेच लिहू दे, एकदम लिहायला गेलो तर मध्येच उठून जाईन. नववा डाव, दोन-दोन अशी बरोबरी, त्यांचे दोन बाद, एक धावक तिसऱ्या बेसवर. चेंडू टाकणारा पिचर तू, पहिल्या बेसवर मी, समोर बॅट घेऊन हाजामाच्याच संघातला ओनुमा. त्या वर्षी शेवटच्या डावात तुझ्या चेंडूवर फटका बसून दोनदा सामना संपला होता. निरोपाचा तो शब्द अशा फटक्याला कुणी चिकटवला कोण जाणे. एक चेंडू, आणि खेळ तिथल्या तिथे खलास, सगळ्यांना सायोनारा. पेपरवाले तर तुला 'सायोनारा मित्सुगु' म्हणायला लागले होते. मॅनेजरने सगळ्यांदेखत सुनावलं होतं, "तिसरा झाला की सामान बांधायचं." त्या चेंडूआधी तू वळून माझ्याकडे पाहिलंस. तुझ्या ओठांना रंग नव्हता.

ओनुमाने मारला. चेंडू मधल्या खेळाडूच्या डोक्यावरून गेला, तिसऱ्या बेसवरचा धावक नाचत होम बेसवर आला, स्टँडमधले ते कर्णे, ते ढोल, मला आजही पावसाच्या सरीतसुद्धा ऐकू येतात. तू तिथेच उकिडवा बसलास. चेंडू मागून परत आला तो माझ्या हातमोज्यात. आणि ओनुमा पहिल्या बेसकडे धावत येत होता तो दोन्ही हात वर करून, मान मागे वळवून, आपल्या माणसांकडे बघत. त्याचा पाय बेसला लागला नाही. चार बोटं अंतर होतं. माझ्या डोळ्यांसमोर त्याचा बूट मातीत पडला, पांढरी गादी तशीच कोरी राहिली. पुढच्या क्षणी त्याची माणसं त्याच्यावर तुटून पडली आणि बाटल्यांनी पाणी ओतायला लागली.

पंच अशा वेळी आपणहून तोंड उघडत नाही. बेसवर पाय ठेवून, चेंडू दाखवून आपणच सांगायचं असतं, तेही मैदान सोडायच्या आत. मी दोन पावलं टाकली असती तर ओनुमा त्यांचा तिसरा बाद, ती धाव रद्द, आणि खेळ दहाव्या डावात गेला असता. पंच माझ्याकडे बघत होता. त्यानेही पाहिलं होतं, मी पैजेवर सांगतो. तो थांबला होता.

आणि मी त्याच्याकडे बघत नव्हतो, मी कुंपणाकडे बघत होतो. तिथे हाजामा दहाव्या डावासाठी हात गरम करत होता. त्याचा चेंडू मोज्यात पडल्याचा आवाज एवढ्या गोंगाटातही मला येत होता. दहाव्या डावात पहिला बॅटर कोण होता, आठवतंय? मी. माझी पाचावर धारण बसली. तोंडात जूनमधल्या रक्ताची चव आली. मी एवढाच विचार केला, की संपलंय ना, मग संपू दे. तुझा विचार मनात आला नाही, असं म्हणालो तर ते आणखी एक खोटं होईल. आला होता. तरीही मी चालत गेलो आणि मैदानाची पांढरी रेषा ओलांडली. मग वळून तुझ्याकडे आलो, तुला हात देऊन उठवलं आणि म्हणालो, "चल, तुझा दोष नाही." तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलास. मी तुझी पाठ थोपटत होतो आणि दुसऱ्या हातातल्या मोज्यात तो चेंडू होता. ओनुमाला आठवण म्हणून तो हवा होता, त्यांचा माणूस मागायला आला, मी म्हणालो कुठे गेला कळलं नाही.

ऑक्टोबरमध्ये त्यांनी तुला काढलं. तू घरी परत गेलास, वडिलांची बाग धरलीस, पीचला कागदी पिशव्या बांधायला शिकलास. 'सायोनारा मित्सुगु'वर आता तू स्वतःच विनोद करतोस. मला त्यावर एकदाही मनापासून हसता आलं नाही. तिसरा सायोनारा तुझा नव्हता. तो माझा होता.

तू म्हणालास म्हणून काल संध्याकाळी सरावानंतर कोनात्सुला दुकानात आणलं. तळलेला तोफू घातलेला उदोन तिच्यापुढे ठेवला आणि माझी गोष्ट सांगितली, पण ही, तुझी नाही. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी. तिने ऐकता ऐकता तोफू संपवला. मग विचारलं, "मित्सुगु आजोबांना माहीत आहे?" मी म्हणालो, नाही. "का नाही सांगितलं?" मी म्हणालो, भीती वाटते. तिने वाडगा दोन्ही हातांनी उचलून सगळा रस्सा प्यायला, तोंड पुसलं आणि म्हणाली, "म्हणजे ताके आजोबा, तुमचाही पाय मागे जातोय."

मग तिनेच सौदा ठरवला. मी तुला लिहायचं आणि तिने रविवारी बॅट घेऊन उभं राहायचं. फटका लागो न लागो, पाय हलवायचा नाही, दोघांनीही. तो चेंडू मी खात्री म्हणून तिला दिलाय, तिच्या बॅगेत आहे, तुला हवा असेल तर तिच्याकडून माग. सकाळपासून दोनदा चिहोच्या फोनवरून तिने विचारलंय, "लिहिलं का?" उद्या सकाळी शाळेला जाताना ती हे पाकीट स्वतः टपालपेटीत टाकणार आहे, माझ्यावर तिचा भरवसा नाही, आणि बरोबरच आहे. शुक्रवारपर्यंत तुला मिळेल. सामना रविवारी दहाला, शाळेमागच्या मैदानावर. तू ये किंवा येऊ नकोस, पण त्या पोरीला भित्री म्हणू नकोस. भित्रा कोण ते आता तुला कळलंय. मी पहिल्या बेसजवळ उभा असेन. तू येऊन सगळ्यांदेखत माझ्या तोंडात मारलीस तरी चालेल, मी डोळे मिटणार नाही.

तुझाच,
ताके