चारशेनव्वदचा आवाज

मखमलाबाद, नाशिक
मंगळवार, १७ ऑक्टोबर २००६

महेश,

तुझं मेलबर्नहून आलेलं पत्र दसऱ्यानंतर दोन दिवसांनी हातात पडलं. इकडे सगळे बरे आहेत. आईचे गुडघे फार दुखतात, तरी झेंडूची टोपली घेऊन फुलबाजारात स्वतःच जाते, मला हात लावू देत नाही. प्रतिभाने शिलाईचं दुसरं मशीन घेतलं. तुमचा कॉलेज रोडचा बंगला पाडला, तिथे सहा मजली इमारत उभी राहते आहे. हे तुला माहीत असेलच.

उत्तराला उशीर झाला कारण याआधी दोन पत्रं लिहून फाडली. त्यांत शिव्यांशिवाय काही नव्हतं. यात कमी आहेत.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो. हो, गाडी चालू स्थितीत आहे. नाही, ती मी तुला बोटीने पाठवणार नाही. खोक्याचं माप घेतलेलं नाही आणि घेणारही नाही.

तू लिहितोस, तिकडे आता जुन्या मोठ्या टू-स्ट्रोक मोटरसायकलींच्या शर्यती भरतात, चाळिशीतली माणसं पोटाला पट्टे बांधून उतरतात, फार मजा येते. येऊ दे. "माझी चारशेनव्वद तुझ्याकडे पडून आहे, तेवढी दे," असं लिहितोस. पडून? आणि खाली, सहीच्या वर, घाईघाईत लिहिल्यासारखं: "केबलचं ते मनाला लावून घेऊ नकोस, गोऱ्या. मी तुला केव्हाच माफ केलंय."

हे वाक्य मी गॅरेजमध्ये उभ्यानेच वाचलं. दिंडोरीच्या एका बागाईतदाराचा फवारणीपंप उघडलेला होता, हातात त्याचा पिस्टन होता. तो हळूच खाली ठेवला, नाहीतर भिंतीवर फेकला असता. बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं. प्रतिभा म्हणाली, "कोणाचं काही वाईट झालं का?" मी म्हणालो, "नाही, महेशचं पत्र आहे. त्याने मला माफ केलंय."

महेश, तू मला माफ केलंस?

त्र्याण्णव साल आठवून बघ. तुझ्या वडिलांच्या सातपूरच्या गोडाऊनमध्ये तिच्यावर गोणपाटं टाकलेली होती. त्याच्याही नऊ वर्षं आधी कोणी जर्मन इंजिनीअर कामाला आला होता, तो जाताना सोडून गेला. सीटमध्ये उंदरांनी घर केलं होतं. तू म्हणालास, "भंगार आहे, पण बघ." मी बघितलं. आठ महिने बघितलं. पिस्टन मिळेना तर कोल्हापूरच्या फाउंड्रीतून ओतून आणला, लेथवर बसून मी स्वतः त्याला माप दिलं. क्रँकची बेअरिंगं दोनदा बदलली. सायलेन्सरचा पोटफुगा पाइप गंजून गेला होता, तो पत्रा कापून, वाकवून, तुकड्यातुकड्याने जोडला. तू संध्याकाळी यायचास, खुर्चीवर बसून चहा प्यायचास आणि विचारायचास, "कधी होणार?"

ती पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा मात्र तू होतास, हे खरं. मी किकवर उभा राहिलो, सगळं अंग टाकलं. तिने उलटी लाथ मारली, माझी नडगी आठवडाभर काळीनिळी होती. सहाव्या किकला ती पेटली. एरंडेल तेलाच्या धुराने गॅरेज भरलं आणि तू त्या धुरात लहान पोरासारखा नाचलास. तेव्हा तू मला आवडायचास. ते लपवून काय उपयोग?

ती गाडी कशी आहे हे नाशिकमध्ये आपल्या दोघांनाच माहीत. शंभर सीसीच्या गाड्या उडवणाऱ्यांना ते कळायचं नाही. खालच्या वेगात ती अडखळते, थुंकते, वाटतं हिच्यात काही दम नाही. मग मनगट अर्ध्याच्या पुढे वळतं आणि सगळी ताकद एकदम येते. पुढचं चाक जमीन सोडतं, हात खांद्यातून निघतील असे ओढले जातात, मागे मुरूम वीस फूट उडतो. त्या क्षणी डोक्यात दुसरं काही उरत नाही. म्हणूनच ती धोक्याची आहे. तिच्यावर बसलेल्या माणसाला वाटतं, समोरचं सगळं आपोआप बाजूला होईल.

आता सत्त्याण्णवच्या मार्चचं लिहितो. तू ते कधी लिहिणार नाहीस.

पाथर्डीच्या बाजूला माळावर ट्रॅक केला होता. उड्यांसाठी माती टाकायला शर्यत भरवणाऱ्या क्लबने रोजंदारीवर माणसं आणली, त्यांत बारकू होता. सुरगाण्याकडचा. द्राक्षतोडणीसाठी टोळीबरोबर दिंडोरीला आलेला. चार दिवस फावडं मारलं आणि शर्यतीच्या दिवशी क्लबने त्याच्या हातात पिवळा झेंडा दिला. सांगितलं, कोणी पडलं की उडीच्या माथ्यावर चढायचं आणि हा हलवायचा, मग सगळे हळू होतात. त्याने तीनदा विचारलं, "सगळे व्हतात ना?" मी शेजारीच होतो. मीच म्हणालो, "सगळे."

शेवटून दुसरी फेरी. पुण्याचा रायडर पुढे, तू त्याच्या मागे. मोठ्या उडीच्या पलीकडे एक जण पडला, गाडी त्याच्या पायावर. बारकू सांगितल्याप्रमाणे माथ्यावर चढला आणि झेंडा हलवू लागला. पुण्याच्या रायडरने हात वर केला, बाजूने हळू निघून गेला. मग तू आलास.

मी तिथून पंधरा पावलांवर होतो. डोळ्यांत धूळ होती, नीट दिसत नव्हतं. पण त्या इंजिनातला एकेक नट मी हाताने आवळलेला. तिचा आवाज मी झोपेतही ओळखतो. तू चढावर आलास आणि आवाज खाली आला. पूर्ण खाली. तू झेंडा पाहिलास, थ्रॉटल बंद केलास. आणि मग, एक श्वास घ्यायला लागतो तेवढ्या वेळाने, आवाज पुन्हा वर गेला. पूर्ण वर.

अडकलेला थ्रॉटल खाली येत नाही, महेश. अडकला तो अडकला. तो बंद होऊन पुन्हा उघडत नाही. त्यासाठी मनगट लागतं.

तुला पुण्याचा पुढे दिसला, हळू झालेला दिसला. तुला वाटलं, आत्ता त्याला गाठता येईल. वाटलं, तो आदिवासी बाजूला उडी मारेल. त्याने मारलीही. ज्या बाजूने तू काढलीस त्याच बाजूला.

संध्याकाळी मी कार्ब्युरेटर उघडला. आत धूळ नव्हती. थ्रॉटलची केबल लोण्यासारखी सरकत होती.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तू मला कोपऱ्यात नेलंस. तुझ्या गालाला फक्त खरचटलं होतं. तू म्हणालास, "गोऱ्या, मी सांगितलंय की थ्रॉटल अडकला. तू फक्त नाही म्हणू नकोस. बंदी आली तर माझं सगळं संपलं."

मी म्हणालो, "आत बारकूचा पाय कापताहेत."

तू म्हणालास, "माहीत आहे मला. गाडी तू ठेव. कायमची."

इथपर्यंत लिहून काल रात्री थांबलो होतो. कारण पुढचं मी नऊ वर्षांत प्रतिभाला, स्वतःच्या बायकोलाही सांगितलेलं नाही. मला तेव्हा बारकू आठवला नाही. तुझी मैत्रीही आठवली नाही. मला गाडी आठवली. ती माझी होणार, एवढंच डोक्यात आलं, आणि मी मान हलवली. तू मला विकत घेतलंस असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे तिचा मोह मला आधीपासूनच होता, तू फक्त बोललास. तुझ्यावर चिडताना हे विसरायला फार बरं वाटतं.

चौकशीत सेक्रेटरींनी विचारलं, "विधाते, केबल तुम्ही बसवली होती?" मी म्हणालो, "हो." "नवी होती?" "नाही, जुनीच, साफ करून." दोन्ही उत्तरं खरी होती. तिसरा प्रश्न त्यांनी विचारला नाही, तिसरं वाक्य मी बोललो नाही.

तू पुढे दोन सीझन पळालास, कप घेतलेस, परदेशी गेलास. माझ्याकडे शर्यतीची एकही गाडी आली नाही. "विधात्याची केबल" असं म्हणून पोरं हसायची. तेही मी गिळलं, कारण ती मागच्या शेडमध्ये उभी होती.

आणि बारकू? मी त्याच्याकडे पहिल्यांदा गेलो तो अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात. त्याच्या पाड्याच्या वर मोठं पठार आहे, खडकाळ, निर्मनुष्य. गाडीला ना नंबर, ना आरटीओचं पुस्तक, ती रस्त्यावर चालवता येत नाही. मग पिकअपमध्ये घालून तिकडे नेली. मनात काय होतं ते मलाच नीट सांगता येणार नाही. बारकू कुबडी टेकत पठारावर आला. केबलची गोष्ट त्याच्याही कानावर गेली होती. मला वाटलं, दगड मारेल. तो म्हणाला, "तुज्या दोरीनं झालं. तू काय मुद्दाम केलं? पळव गाडी, बघू दे."

मी पळवली. तो खडकावर बसून बघत राहिला, टाळ्या वाजवल्या. मग घरी नेऊन नागलीची भाकरी खाऊ घातली. त्यानंतर दर वर्षी गेलो. दर वर्षी भाकरी खाल्ली. जो गुन्हा मी केला नव्हता त्याची माफी त्याने मला दिली, आणि मी ती घेतली, कारण जो केला होता तो सांगायची हिंमत नव्हती. आता तुझं पत्र वाचून कळलं, आपण दोघं सारखेच. तूही त्या खोट्यावर नऊ वर्षं जगलास. फक्त तुला ते आता खरं वाटायला लागलंय.

परवा रविवारी मी गाडी पिकअपमध्ये घातली आणि त्याच्याकडे गेलो. पठारावर गेलो नाही. त्याच्या अंगणात उतरवली. चिमणाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, नेहमीसारखं ताट वाढलं. मी खायला सुरुवात केली आणि मग सांगितलं. आवाजाचं सांगितलं, केबलचं सांगितलं, गाडी कशी मिळाली तेही.

बारकूने कुबडी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाला, "त्यानं मला पाह्यलं व्हतं?"

"हो."

"झेंडा पाह्यला?"

"पाहिला. गाडी हळू केली होती."

"मंग?"

मी हातातला घास ताटात ठेवला. त्याने पुन्हा विचारलं. मी म्हणालो, "मग त्याने परत जोरात घेतली."

तो ओरडला नाही. म्हणाला, "मी नऊ वर्सं समजत व्हतो, दोरी अडकली. दोरीवर काय राग धरायचा? तुला समदं ठावं व्हतं. आन् तू माज्या घरात जेवला."

चिमणाबाईने माझ्या पुढ्यातलं ताट उचललं. अर्धी भाकरी होती त्यात. ती पुढच्या आठवड्यात टोळीबरोबर एकटी द्राक्षाच्या छाटणीला जाणार आहे. आधी दोघं जायची. तिने ताट आत नेलं आणि दार लोटलं.

मी म्हणालो, "गाडी तुझी, बारकू. कागद लिहून आणलाय."

"मी काय करू तिचं?" तो म्हणाला. "पाय हाय का?" कागद त्याने परत दिला. मी गाडी पुन्हा पिकअपकडे ढकलायला लागलो तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे. नेऊ नको. ज्याची हाय त्याला येऊ दे. माज्या तोंडावर सांगू दे, मला पाह्यलं व्हतं म्हनून. मंग न्यायची तर नेऊ दे. आन् तू आता येऊ नको."

म्हणून गाडी तिथेच आहे. काल क्लबला लेखी कळवलं. तुझं नाव आहे, माझंही आहे, गाडी घेतल्याचंही लिहिलंय. सेक्रेटरी आता दुसरे आहेत, कदाचित फायलीत टाकून देतील. मग दुसऱ्यांदा पाठवीन. तुला राग आला तर ये. वकील घेऊन आलास तरी चालेल. पण डिसेंबरात येणार असं तूच लिहिलंयस, तर रस्ता सांगून ठेवतो.

नाशिकहून वणी, वणीहून सुरगाण्याची एसटी. सुरगाण्याच्या स्टँडवर उतरून उंबरठाणच्या जीपमध्ये बस, चिंचपाड्याच्या फाट्यावर उतर. तिथून गाडीरस्ता आहे, पण तू पायी जा. दीड मैल चढ आहे. बारकू तो एका पायाने चढतो. पाड्यावर कोणालाही विचार, घर दाखवतील. त्याला अरे-तुरे करू नकोस. खुर्ची देतील, बसू नकोस. आणि चिमणाबाईने ताट वाढलं तर आधी बोल, मग हात लाव. मी उलट केलं.

तुझी वाट तो बघणार आहे. मी नाही.

गोरक्ष विधाते